पुतळीच्या माहेरी एक दिवस

आपल्याकडील जुन्या घरांतून अजूनही कोठे कोठे पुतळ्यांची माळ जपून ठेवलेली आढळते. पातळ, गोल, पिवळ्याधमक सोन्याची नाणी, त्यांवर दोन मानवी आकृती आणि त्या दोघांच्या मधोमध एक उभा दंड. आमच्या आजीची अशी एक माळ होती. वाटण्यांत ती विखुरली आणि तिच्यातील दोन पुतळ्या आईच्या वाट्याला आल्या. आजी त्या आकृतींना राम-सीता म्हणत असे व लक्ष्मीपूजनाच्या ताटात प्रथम त्यांनाच हळदकुंकू वाहात असे. ह्या राम-सीतेचे मूळ गाव इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हेनिस हे आहे, असे तिला कोणी सांगितले असते, तर तिने विश्वास ठेवला नसता.

परंतु गोष्ट खरी आहे. व्हेनिसच्या टाकसाळीने १२८४ मध्ये 'डुकाट' हे सोन्याचे नाणे पाडण्याचे ठरविले आणि १७९७ मध्ये तेथील प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, त्याचे वजन आणि कस जवळजवळ बदलू दिला नाही. साडेतीन ग्रॅम वजनाचे, चोवीस कॅरेटच्या जवळ जाणारे हे सोने कसोटीवर न घासताही व्यापारी घेत. मिरी, सुंठ, वेलदोडे आणि कापड यांच्या मोबदल्यात ते अलेक्झांड्रियातून तांबड्या समुद्रामार्गे आपल्या किनाऱ्यावर येई. येथे त्याला नाव मिळाले पुतळी, आणि पुढे आपल्या सोनारांनी त्याच्या नकलाही पाडल्या.

आईच्या मनात बरेच दिवस एकच प्रश्न होता : आपल्या दोन पुतळ्या अस्सल तिकडच्या, की इकडच्या?

२०२५ च्या मे महिन्यातील एका शुक्रवारी आम्ही दोघी व्हेनिसला पोहोचलो. धाकट्या भावाने आईला एड्रियाटिक समुद्रातील सात दिवसांची जलसफर करविली आणि सोबतीला मला धाडले. बोटीच्या कार्यक्रमपत्रिकेत व्हेनिससाठी एकच दिवस होता, आणि येणेजाणे वजा करता त्या दिवसाचे तास सातच उरत होते. आईचे वय सदुसष्ट. उजवा गुडघा दुखरा. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेक सर्वांना पायऱ्या आहेत. वाचकहो, आपल्यापैकी कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन तेथे जाणार असेल, तर हा हिशेब आधीच ठाऊक असलेला बरा. म्हणून आमची वाट थोड्या तपशिलाने सांगते.

पूर्वी मोठ्या प्रवासी बोटी सान मार्कोच्या चौकासमोरून, घरांच्या छपरांहून उंच मान काढीत थेट शहरातून जात. त्यांच्यामुळे उसळणाऱ्या पाण्याविषयी रहिवाशांची तक्रार जुनी होती. जून २०१९ मध्ये एक अशी बोट ताबा सुटून धक्क्यावर आणि तेथे उभ्या असलेल्या एका लहान बोटीवर आदळली, तेव्हा ती तक्रार साऱ्या जगाच्या कानी गेली. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या सरकारने २५,००० टनांहून मोठ्या बोटींना त्या जलमार्गावर बंदी केली. म्हणून आमची बोट लागली ती पलीकडे मुख्य भूमीवर, मार्गेरा या औद्योगिक बंदरात. डोळ्यांसमोर तेलाच्या टाक्या, याऱ्या आणि धुराडी! "हे तर आपले माहुलच की!" आई म्हणाली. तिची निराशा मला समजत होती. पण व्हेनिसच्या कथेत मार्गेराचाही एक अध्याय आहे. येथील कारखान्यांनी विसाव्या शतकात जमिनीखालचे पाणी इतके उपसले, की त्याने शेजारचे व्हेनिस खचू लागले. १९७० नंतरच्या दशकात हा उपसा थांबविण्यात आला, तेव्हा खचण्याचा वेग मंदावला.

मार्गेराहून बसने निघालो, की डाव्या-उजव्या हाताला पसरलेले उथळ खारे पाणी लागते. कोकणातील खाजणांची आठवण करून देणारे हे लगून होय. त्यावरून आगगाडीचा पूल १८४६ मध्ये झाला, मोटारींचा १९३३ मध्ये. त्यापूर्वी राजा असो वा भिक्षेकरी, व्हेनिसला होडीवाचून जाता येत नसे. पुलाच्या टोकाला पियाझ्झाले रोमा नावाचा चौक आहे. तेथे सर्व मोटारी थांबतात आणि पुढे चाक फिरत नाही.

त्या शुक्रवारी प्रवेशशुल्क लागू होते. रात्री मुक्काम न करता केवळ दिवसापुरते येणाऱ्या पाहुण्यांकडून व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या निवडक दिवशी हे शुल्क घेण्यास सुरुवात केली. २०२५ मध्ये असे ५४ दिवस ठरविले होते. आगाऊ नोंदणी केल्यास ५ युरो, अगदी आयत्या वेळी केल्यास १०. शहरात शिरण्यास तिकीट, हे आईला रुचले नाही. मलाही प्रथम चमत्कारिक वाटले. दुपारपर्यंत माझे मत थोडे बदलले, ते का ते पुढे येईलच.

आम्ही एक क्रमांकाची सार्वजनिक बोट धरली. तिला तेथे व्हापोरेत्तो म्हणतात. महाकालव्याच्या सुमारे पावणेचार किलोमीटरच्या नागमोडी वाटेवर ती एस्. टी.च्या साध्या गाडीसारखी प्रत्येक थांब्यावर थांबते. पुढे बसावयास जागा मिळाली, तर याहून चांगले प्रेक्षणीय स्थळ नाही. गोंडोलाचे भाडे अर्ध्या तासास ९० युरो ठरलेले आहे. हौस असल्यास ती जरूर करावी. पण माझ्या मते शहर कळते ते ह्या साध्या बोटीतून. शेजारून कचऱ्याची होडी जाते, सिमेंटच्या गोण्यांची जाते, रुग्णवाहिकेची होडी शिट्टी फुंकीत पुढे निघते. आपल्या गावात जे जे रस्त्यावरून जाते, ते ते येथे पाण्यावरून जाते, एवढाच काय तो फरक.

दोन्ही तीरांवरील वाड्यांचे दरवाजे पाण्यातच उघडतात, आणि खालच्या पायरीवर हिरवे शेवाळ धरलेले असते. ही घरे उभी कशावर आहेत? चिखलावर नव्हेत. जुन्या कारागिरांनी ओक, लार्च, अल्डर अशा झाडांचे खुंट दाटीवाटीने चिखलात ठोकून खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत नेले, त्यांवर फळ्यांचे थर दिले आणि मग समुद्रापलीकडील इस्त्रिया प्रांतातून आणलेला पांढरा दगड बसविला. पाण्याखाली व चिखलात हवा पोहोचत नाही. लाकूड कुजविणारे जीव हवेवाचून तेथे फारसे काम करू शकत नाहीत, म्हणून शतकानुशतके हे खुंट टिकले. इस्त्रियाच्या दगडात पाणी मुरत नाही; त्याच्या वर विटा रचल्या की घर कोरडे राही. ह्या सुज्ञ योजनेत आज अडचण आली आहे. १८९७ मध्ये जी सरासरी समुद्रपातळी मोजमापासाठी आधार धरली, तिच्याहून आजची पातळी सुमारे ३० सेंटिमीटर वर आहे. पाणी दगड ओलांडून विटांपर्यंत पोहोचते, आणि मीठ विटेला आतून पोखरते.

का' दोरो या थांब्यावर आम्ही उतरलो. कालव्याच्या पलीकडे रियाल्टोचा बाजार. तेथे जाण्याची प्रसिद्ध वाट म्हणजे रियाल्टोचा पूल. १५९१ मध्ये पूर्ण झालेली ही दगडाची एकच भव्य कमान आहे, पण पायऱ्या पुष्कळ. आम्ही पूल खालूनच पाहिला. कोकणात खाडी ओलांडावयास तर असते, तशी येथे त्रागेत्तो असते. जुन्या गोंडोलात दहाबारा माणसे घेऊन दोघे नावाडी दोन मिनिटांत पलीकडे सोडतात. परक्यांस भाडे २ युरो. गावकरी उभ्यानेच जातात; आईला नावाड्याने हाताला धरून फळीवर बसविले.

बाजारातील मासळीच्या कमानींखाली एक संगमरवरी पाटी भिंतीत बसविलेली आहे. कोणता मासा किमान किती लांबीचा असल्याखेरीज विकू नये, याची मापे तिच्यावर कोरली आहेत. आई शाकाहारी, पण ती पाटी तिने मला दोनदा वाचून दाखवावयास सांगितली. पुढे फळे, भाजी, जांभळे आर्टिचोक, वाटाण्याच्या शेंगांचे ढीग. वाटाणे घालून केलेला आसट भात हा व्हेनिसचा जुना पदार्थ. २५ एप्रिल रोजी, सान मार्को या संताच्या सणाला, तो तेथील निर्वाचित प्रमुखाच्या म्हणजे 'डोजे'च्या पानात वाढीत. आपल्याकडे सणाला साखरभात, त्यांच्याकडे वाटाण्याचा.

हाच बाजार एके काळी साऱ्या युरोपचा मिरीचा भाव ठरवीत असे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्याला लागला. १५०१ मध्ये पोर्तुगिजांची गलबते हिंदुस्थानातून मसाले घेऊन लिस्बनला परतल्याची बातमी येथे आली, तेव्हा जिरोलामो प्रिउली नावाच्या व्हेनिशियन व्यापाऱ्याने आपल्या रोजनिशीत शहराच्या भवितव्याची मोठी काळजी लिहून ठेवली. व्हेनिसचा व्यापार त्यामुळे एका रात्रीत बुडाला नाही. पुढे अनेक वर्षे तो टिकून होता. पण चिंता खोटी नव्हती.

बाजारामागील एका लहानशा चौकात आम्ही विहिरीच्या कट्ट्याशी थांबलो. व्हेनिसच्या बहुतेक चौकांत असा कोरीव दगडी कट्टा दिसतो, आणि प्रवासी त्याला टेकून छायाचित्र काढून निघून जातात. वास्तविक ती विहीर नव्हेच. सभोवार खारे पाणी असलेल्या ह्या गावात जमिनीखाली गोडे पाणी कोठून येणार? म्हणून चौकच्या चौक खोल खणीत, त्याला चिकणमातीचे अस्तर देत आणि आत नदीची वाळू भरीत. मधोमध विटांचा उभा हौद. चौकात व छपरांवर पडलेला पाऊस कोपऱ्यांतील सच्छिद्र दगडांतून खाली उतरे, वाळूतून गाळला जाई आणि हौदात जमे. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळ आला, तोवर लाखाहून अधिक माणसांची तहान अशा हजारो हौदांनी भागविली. पावसाचे पाणी साठविण्याविषयी आपल्याकडे आज जे बोलले जाते, ते ह्या गावाने चौकाचौकांत करून ठेवले होते.

तेथेच चाकांची पिशवी ओढीत एक वृद्ध बाई आल्या आणि समोरच्या पुलाच्या पायथ्याशी दम खात उभ्या राहिल्या. आईने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून मान हलविली. त्या हसल्या, आपल्या डाव्या गुडघ्याकडे बोट दाखविले आणि हाताची बोटे पुन्हा पुन्हा उघडून दिवसाला किती पूल चढावे लागतात ते सांगितले. भाषेवाचून एवढे बोलणे झाले. मग मी त्यांची पिशवी वरपर्यंत नेऊन दिली. कांदे, दूध, पाव. एका घराचा बाजार. १९५१ मध्ये ह्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसे राहात. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली उतरला. रियाल्टोजवळील एका औषधाच्या दुकानाने २००८ मध्ये रहिवाशांची घटती संख्या दाखविणारा फलकच खिडकीत लावला. घरे पाहुण्यांना भाड्याने देणे फायद्याचे ठरते, वाण्याच्या दुकानाच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते, आणि दूध-पाव घेणारे एकेक कुटुंब पूल ओलांडून मुख्य भूमीवर राहावयास जाते. सात तासांसाठी आलेल्या आम्ही दोघी त्या गर्दीतल्याच होतो. सकाळच्या ५ युरोंविषयी त्यानंतर मी काही बोलले नाही.

पुन्हा एक क्रमांकाची बोट. सान मार्कोच्या थांब्यासमोर पलीकडच्या तीरावर सांता मारिया देल्ला सालूते हे घुमटाचे चर्च दिसते. १६३० च्या प्लेगमधून सुटका व्हावी म्हणून बोललेल्या नवसाचे हे देऊळ आहे. साथीशी व्हेनिसचा परिचय फार जुना. १४२३ मध्येच त्याने लगूनमधील एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचे रुग्णालय स्थापिले. पुढे बाहेरून आलेली माणसे व माल चाळीस दिवस वेगळे ठेवण्याची रीत पडली. त्या 'चाळीस' या इटालियन शब्दापासून आलेला क्वारंटाइन हा शब्द २०२० मध्ये आपल्या घराघरांत शिरला.

ह्या थांब्यावरून सान मार्कोचा विस्तीर्ण चौक एकही पूल न चढता गाठता येतो, हे गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात ठेवावे. समोर सान मार्कोचे मंदिर. त्याच्या दर्शनी भागावरील चार घोडे १२०४ च्या लुटीत कॉन्स्टँटिनोपलहून आले. नेपोलियनने १७९७ मध्ये ते पॅरिसला नेले व १८१५ मध्ये ते परत आले. आता मूळ घोडे आत सुरक्षित आहेत आणि बाहेर आहेत त्या प्रतिकृती. उजव्या हाताचा उंच मनोरा १४ जुलै १९०२ च्या सकाळी कोसळला. माणूस एकही दगावला नाही. दहा वर्षांत तो होता तसा, होता तेथेच पुन्हा उभा राहिला. मंदिरात आम्ही वीस मिनिटेच होतो. आठ हजार चौरस मीटरांहून अधिक सुवर्णचित्रकामाला वीस मिनिटे! पण आईचे लक्ष खाली होते. पायाखालची रंगीत फरशी लाटेसारखी वरखाली झालेली आहे, आणि पाऊल जपून टाकावे लागते. डोजेंचा राजवाडा आम्ही सोडला. एका दिवसात सर्व पाहण्याचा हट्ट धरला, तर रांगांखेरीज काही लक्षात राहात नाही.

आमचे काम होते चौकाच्या दुसऱ्या टोकाला, कोर्रेर संग्रहालयात. जिना सावकाश चढलो. व्हेनिसच्या नाण्यांच्या कपाटाशी आई कितीतरी वेळ काचेला नाक लावून उभी होती. मग तिने घरून मोबाइलमध्ये घेतलेले पुतळ्यांचे छायाचित्र उघडले. एका बाजूस उभे आहेत ते संत मार्क. त्यांच्यासमोर गुडघे टेकून निशाणाचा दंड स्वीकारतो तो डोजे. दंडाला लागून उभी तीन अक्षरे, त्यांचा अर्थ अधिपती. आणि कडेने त्या त्या डोजेचे नाव. काचेतील नाण्यांवर ही अक्षरे स्वच्छ वाचता येत होती. आमच्या पहिल्या पुतळीवर ती होती. दुसरीवर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा, ठिपके आणि कोयऱ्यांसारखी वळणे. लॅटिन न येणाऱ्या कुणा कारागिराने समोरचे चित्र पाहून ती कोरली असावीत. गुडघे टेकलेला डोजेही तिच्यात जवळजवळ उभाच झाला होता.

"म्हणजे एक इकडची आणि एक आपली," आई म्हणाली. मला वाटले होते ती हिरमुसेल. पण तिला त्या अनाम सोनाराचेच कौतुक वाटले. "आजीची सीता कोणती ते आता कळले. ही उभी आहे ना, तीच."

संग्रहालयातून बाहेर पडून चौक ओलांडला आणि धक्क्याच्या दिशेने वळलो, तर जड दगडांची, किल्ल्यासारखी एक इमारत लागते. वास्तुशिल्पी सान्सोव्हिनो याने सोळाव्या शतकात बांधलेली ही टाकसाळ. तिचे नाव 'झेक्का'. अरबी 'सिक्का' या शब्दाचे हे इटालियन रूप, आणि आपला शिक्काही त्याच घराण्यातला. भाषांतराच्या कामात शब्दांची अशी नाती अधूनमधून भेटतात. पण शब्दाच्या भिंतीला हात लावण्याची संधी क्वचित मिळते.

टाकसाळीत आता नाणी पडत नाहीत. तेथे मार्चाना ग्रंथालय नांदते. ह्या ग्रंथालयाच्या संग्रहात निकोलाओ मनुचीच्या इतिहासाची हस्तलिखिते आहेत. मनुची व्हेनिसचा. लहानपणीच तो घरातून निघाला, हिंदुस्थानात आला आणि सारे आयुष्य येथेच राहिला. त्याच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद 'असे होते मोगल' या नावाने वाचकांस परिचित आहे. १६६५ मध्ये पुरंदरच्या वेढ्याच्या वेळी तो मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत होता, आणि तेथे आलेल्या शिवाजी महाराजांशी आपले बोलणे झाले असे त्याने लिहिले आहे. युरोपात पोर्तुगालखेरीज आणखी कोणते राजे आहेत, याची महाराजांनी चौकशी केली असे तो सांगतो. मनुचीच्या सर्वच हकिकती इतिहासकार डोळे मिटून स्वीकारीत नाहीत. तरीही आपल्या गावी पाठविलेल्या त्याच्या कागदांत महाराज आहेत, आणि ते कागद पुतळीच्या टाकसाळीत वसलेल्या ग्रंथालयाने जपले आहेत, हे मी आईला सांगितले तेव्हा तिने पायांतील चप्पल काढून त्या भिंतीला नमस्कार केला. शेजारून जाणारे दोन प्रवासी थबकले. त्यांना काय सांगावे ते मला सुचले नाही.

शेजारच्या बागेत बाकावर बसून उरलेला वेळ काढला. परत निघालो तेव्हा साडेतीन झाले होते.

संध्याकाळी बोट मार्गेराहून सुटली आणि लगूनमधून मालामोक्कोच्या मुखाकडे वळली. समुद्र लगूनमध्ये शिरतो तो अशा तीन मुखांनी. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी येथूनच आत आलेले उधाण १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ पर्यंत. आता तिन्ही मुखांच्या तळाशी मिळून ७८ पोलादी झडपा आडव्या निजविलेल्या आहेत. एरवी त्यांत पाणी भरलेले असते. मोठे उधाण येणार असे दिसले, की आत दाबाची हवा सोडतात, पाणी बाहेर पडते आणि झडपा उठून उभ्या राहतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी प्रथम समुद्राला बाहेर थोपविले. मोठे उधाण नसले तरी सान मार्कोचा सखल चौक भिजतोच, म्हणून २०२२ मध्ये मंदिराभोवती काचेची वेगळी भिंत घालावी लागली. समुद्र चढत राहिला, तर झडपा वारंवार उठवाव्या लागतील. मग लगूनच्या पाण्याचे आणि तेथील बंदराचे काय करावयाचे, हा प्रश्न आजच तेथील जाणकारांपुढे आहे.

डेकच्या कठड्याशी उभे राहून हे सारे मी आईला सांगत होते. "त्या झडपा आता कोठे आहेत?" तिने विचारले.

"येथेच. आपल्या बरोबर खाली."

ती कठड्यावरून वाकून पाहू लागली. पाणी हिरवट काळे होते, आणि त्यात बोटीच्या दिव्यांखेरीज काही दिसत नव्हते.